लहान ट्रॅक्टरचें बळ व त्यास साजणारीं अवजारें

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या पुष्कळशा मराठी कुटुंबांचा एक पाय शहरांत व दुसरा गांवांत असतो. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत किंवा अंधेरी-बोरिवलीच्या इमारतींत संसार मांडलेला असला, तरी सातारा, रत्नागिरी, नाशिक अथवा जळगांव जिल्ह्यांत वडिलार्जित दोन-चार एकर जमीन असते. ती गांवचा भाऊ कसतो, आणि पेरणीच्या सुमारास शहरांतून त्याच्याकडे पैसे जातात. या मागणींत आतां एका नव्या वस्तूची भर पडली आहे. बैलांचा सांभाळ परवडत नाहीं, वेळेवर गडी मिळत नाहीं. तेव्हां एक लहान ट्रॅक्टर घ्यावा, असें गांवाहून कळविण्यांत येतें. शहरांतला भाऊ हमी घेतो, कर्ज मंजूर होतें, आणि दाराशीं तोरण बांधून ट्रॅक्टरची पूजा होते. पुढें वर्षभरांत मात्र असें आढळून येतें कीं, ट्रॅक्टर चांगला आहे, अवजारहि चांगलें आहे, परंतु दोहोंचें एकमेकांशीं जमत नाहीं.

हें न जमणें अनेक रूपांनीं प्रकट होतें. नांगर जमिनींत रुतला कीं मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात व माती उकरून खड्डे पाडतात. रोटाव्हेटर जोडला कीं एंजिन धापा टाकतें, काळा धूर सोडतें, आणि क्लच जळल्याचा वास येतो. अवजार उचललें कीं पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणू ऐकेनासें होतें. या प्रत्येक प्रसंगीं दोष ट्रॅक्टरास दिला जातो, क्वचित् हांकणारास दिला जातो. वास्तविक दोष बहुधा हिशेबाचा असतो. आणि हा हिशेब शाळेंतील त्रैराशिकाहून फारसा कठीण नाहीं.

ट्रॅक्टर ही वस्तु उपनगरांतील लोकांस परकी नाहीं. बोरिवलीच्या अलीकडे कांदिवली येथें इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही संस्था १९६३ सालीं उभी राहिली. अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर ही प्रसिद्ध कंपनी, महिंद्र अँड महिंद्र व व्होल्टास या तिघांच्या सहकार्यानें तिचा पाया घातला गेला. आणि तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरनें महाराष्ट्रांतील कितीतरी खेड्यांना यांत्रिक नांगरणीचा पहिला परिचय करून दिला. १९७७ सालीं ही संस्था महिंद्र कंपनींत विलीन झाली. त्यानंतर जमिनींचे तुकडे पडत गेले. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील एका वहिवाटदाराकडील सरासरी क्षेत्र अवघें १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास भरलें. मोठा ट्रॅक्टर अशा तुकड्यांत वळतहि नाहीं. म्हणून १५ पासून २५ अश्वशक्तीपर्यंतच्या लहान ट्रॅक्टरांस मागणी येऊं लागली, आणि निरनिराळ्या कंपन्यांनीं ते बाजारांत आणले. महिंद्र कंपनीनेंहि २०१७ सालीं ‘जिवो’ या नांवाची लहान ट्रॅक्टरांची मालिका काढली.

आतां अश्वशक्ति म्हणजे काय, हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे. पंचाहत्तर किलोचें ओझें एका सेकंदांत एक मीटर उचलण्यास जें बळ लागतें, त्यास एक अश्वशक्ति म्हणतात. आपल्या ओळखीची बैलजोडी घ्यावी. जोडीचें वजन आठशें किलो धरलें, तर ती आपल्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी ओढ दिवसभर टिकवूं शकते. म्हणजे ऐंशी किलो. तिची चाल सेकंदास जेमतेम एक मीटर. यावरून एक बैलजोडी म्हणजे ढोबळ मानानें एक अश्वशक्ति, हें ध्यानांत येईल. मग २० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे वीस बैलजोड्या, असें कोणी म्हणेल. आणि येथेंच पहिली फसगत होते.

ट्रॅक्टरवर लिहिलेला आंकडा हा एंजिनचा असतो. एंजिनपासून निघालेलें बळ जमिनीपर्यंत पोंचेतों वाटेंत त्याची गळती होते. दांतेरी चक्रांत कांहीं जातें, टायरांत कांहीं जातें, आणि मऊ जमिनींत चाक घसरतें त्यांत बरेंच जातें. एंजिन २० अश्वशक्तीचें असेल, तर मागील फिरत्या दांड्यावर, म्हणजे शेतकरी ज्यास पी.टी.ओ. म्हणतो त्यावर, सुमारें १७ मिळते. घट्ट जमिनींत ओढण्याच्या कामीं सुमारें ११ उरते. आणि नुकत्याच नांगरलेल्या भुसभुशीत जमिनींत ती ८ च्या आसपास येते. वीस, सतरा, अकरा, आठ हे चार आंकडे ज्यानें पाठ केले, त्याची अर्धी फसवणूक टळली.

जुन्या काळच्या कारखानदारांस ही गोष्ट उघडपणें सांगण्याची रीत होती. वर उल्लेखिलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक लहान ट्रॅक्टर काढला; त्याचें नांवच ‘८-१६’ असें होतें. पहिला आंकडा ओढण्याच्या शक्तीचा व दुसरा पट्ट्यावर यंत्र फिरविण्याच्या शक्तीचा. फिरत्या दांड्यानें अवजार चालविण्याची सोय व्यापारी प्रमाणावर प्रथम याच ट्रॅक्टरांत १९१८ च्या सुमारास आली. पुढें एकच मोठा आंकडा छापण्याची चाल पडली व दुसरा झांकला गेला. अतिशयोक्त जाहिरातींचा उपद्रव इतका वाढला कीं, अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत विल्मॉट क्रोझियर या शेतकरी आमदाराच्या पुढाकारानें १९१९ सालीं कायदाच झाला, कीं ट्रॅक्टरची सरकारी परीक्षा झाल्यावांचून त्याची विक्री करूं नये. या परीक्षा तेथील विद्यापीठांत १९२० पासून सुरू झाल्या. आपल्याकडे हें काम मध्य प्रदेशांतील बुदनी येथील केंद्रीय संस्था करते. तिची स्थापना १९५५ सालची आहे. तिच्या परीक्षण-अहवालांत फिरत्या दांड्यावरील शक्ति, ओढ, उचलण्याची क्षमता व ट्रॅक्टरचें वजन हीं सर्व नमूद असतात. ट्रॅक्टर घेतांना रंगीत पत्रकापेक्षां हा अहवाल मागून घेणें अधिक शहाणपणाचें होय.

अवजारांचे तीन वर्ग पाडल्यास विचार सोपा होतो. कांहीं अवजारें ओढावीं लागतात, कांहीं फिरवावीं लागतात, आणि कांहीं उचलून धरावीं लागतात. प्रत्येकाचा हिशेब निराळा आहे.

ओढण्याच्या अवजारांत नांगर मुख्य. नांगरास किती ओढ लागेल, हें फाळाची रुंदी, तासाची खोली व जमिनीची जात यांवर अवलंबून असतें. एका फाळाची रुंदी २५ सेंटिमीटर व खोली २० सेंटिमीटर धरली, तर कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद ५०० चौरस सेंटिमीटर होतो. भारी काळ्या जमिनींत दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.६ किलो ओढ धरावी. म्हणजे एका फाळास ३०० किलो झाली. आतां लहान ट्रॅक्टरकडे पाहूं. त्याचें वजन ८०० किलोंच्या आसपास असतें. एंजिनांत कितीहि शक्ति असली, तरी ट्रॅक्टर जमिनीस धरून ठेवतो तो आपल्या वजनानें. आणि नुसतीं मागचीं चाकें फिरणारा ट्रॅक्टर शेतजमिनींत आपल्या वजनाच्या दोन पंचमांशांहून अधिक ओढ क्वचितच देतो. ८०० चे दोन पंचमांश ३२०. तात्पर्य, त्यास एकच फाळ पुरा पडतो. दोन फाळ लावले, तर ६०० किलो ओढ लागेल; एंजिन बंद पडणार नाहीं, पण चाकें घसरूं लागतील, आणि डिझेल खर्ची पडून टायर मात्र झिजतील.

यांत एक लक्षांत ठेवण्यासारखें तत्त्व आहे. लहान ट्रॅक्टर नांगरास कमी पडतो, तो बहुधा शक्तीच्या अभावीं नव्हे, तर वजनाच्या अभावीं. तासास चार किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें १.१ मीटर चालीनें ३०० किलो ओढावयास अवघी साडेचार अश्वशक्ति लागते. वीसांपैकीं बाकीची शक्ति कोठें वापरतां येईल? चाल वाढवावी, ओढ वाढवूं नये. उथळ व हलकीं अवजारें थोड्या अधिक चालीनें चालविलीं, तर त्या शक्तीचें चीज होतें. नऊ फणांचा कल्टिव्हेटर मोठ्या ट्रॅक्टरचा आहे. लहान ट्रॅक्टरला पांच फणांचा पुरे. पेरणीयंत्र व कुळव हींहि त्यास चांगलीं मानवतात. मागच्या चाकांस बिडाचीं वजनें लावल्यास किंवा टायरांत पाणी भरल्यास पकड वाढते. चारहि चाकें फिरणारा ट्रॅक्टर असल्यास ती आणखी वाढते, कारण मग ट्रॅक्टरचें सगळेंच वजन कामीं येतें. तथापि उन्हाळ्यांतील खोल नांगरटीस दोन दिवस मोठा ट्रॅक्टर भाड्यानें आणणें हेंच बहुधा स्वस्त पडतें.

दुसरा वर्ग फिरविण्याच्या अवजारांचा. आणि लहान ट्रॅक्टरचें खरें कर्तृत्व येथें दिसतें. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, गवत कापण्याचें यंत्र यांस शक्ति दांड्यामार्फत मिळते. चाकांच्या पकडीवर ती अवलंबून नसते. उलट, रोटाव्हेटरचीं पातीं फिरतांना ट्रॅक्टरला पुढें ढकलतात. परंतु येथेंहि मोजमाप सुटतां कामा नये. भुसभुशीत जमिनींत रोटाव्हेटरच्या रुंदीच्या दर फुटास एंजिनच्या पांच-सहा व घट्ट जमिनींत आठपर्यंत अश्वशक्ति लागते. वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तीन फुटी रोटाव्हेटर शोभतो. शेजाऱ्याचा पांच फुटी उसना आणला, तर तीस ते चाळीस अश्वशक्तीची मागणी वीसांकडे केल्यासारखें होतें, आणि मग क्लच व दांड्याचे सांधे त्याची किंमत भरतात. आणखी एक बारकावा असा कीं, अवजाराची रुंदी ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरच्या कडांइतकी तरी असावी, अथवा तें एका बाजूस सरकवून जोडतां यावें. नाहींपेक्षां मशागत झालेल्या जमिनीवर चाकांच्या चाकोऱ्या तशाच राहतात.

नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागा हें या वर्गाचें उत्तम उदाहरण होय. तेथें दोन ओळींत साधारणतः आठ ते दहा फुटांचें अंतर असतें, वर मांडवाच्या तारा असतात, आणि फवारणी वेळेवर झाली नाहीं तर भुरी व केवडा हे रोग हातचें पीक नेतात. अशा ठिकाणीं अरुंद व ठेंगणा ट्रॅक्टरच चालतो. ब्लोअरमध्यें औषध दाबणाऱ्या पंपास थोडीच शक्ति लागते; बहुतेक शक्ति पंखा खातो. म्हणून ब्लोअर घेतांना नुसती टाकी किती लिटरची हें न विचारतां, पंख्यास किती अश्वशक्ति लागते हें विचारावें, व ती दांड्यावरील सतरांशीं ताडून पाहावी. एंजिनच्या वीसांशीं नव्हे. चढाच्या बागेंत ट्रॅक्टरला स्वतःचें अंग ओढण्यासहि शक्ति हवी, म्हणून चार-पांच अश्वशक्ति शिल्लक ठेवावी.

तिसरा वर्ग उचलून धरण्याच्या अवजारांचा. पूर्वी अवजारें ट्रॅक्टरच्या मागें नुसतीं बांधलेलीं असत. नांगर दगडास अडला कीं ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन हांकणारावर उलटे. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनीं तीन दांड्यांची जोडणी व हायड्रॉलिक उचल यांची सांगड घातली. त्यांच्या या रचनेचें पेटंट १९२६ सालचें आहे, आणि १९३९ पासून फोर्डच्या ट्रॅक्टरांवर ती सर्वत्र पसरली. आज खेड्यांतील प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागें तीच जोडणी दिसते. मात्र हायड्रॉलिक जेवढें उचलतें, तेवढें ट्रॅक्टरला पेलतेंच असें नाहीं.

येथें तराजूचा नियम लागतो. मागचा आंस हा तराजूचा मध्य समजावा. ८०० किलोंच्या ट्रॅक्टरचें पुढच्या चाकांवर ३२० किलो वजन आहे, आणि दोन आंसांत १५० सेंटिमीटर अंतर आहे, असें धरूं. अडीचशें किलोंचें अवजार मागच्या आंसापासून १३० सेंटिमीटरवर लोंबत असेल, तर २५० गुणिले १३० म्हणजे ३२,५००. यास १५० नीं भागिलें असतां २१७ येतात. इतकें वजन पुढच्या चाकांवरून नाहींसें झालें. उरले १०३ किलो. सुकाणू हुकमी राहण्यास ट्रॅक्टरच्या वजनाचा पांचवा हिस्सा, म्हणजे येथें १६० किलो, पुढें असावेत असा अनुभवसिद्ध दंडक आहे. तेव्हां ५७ किलो कमी पडले. पुढच्या आंसाच्या ५० सेंटिमीटर पुढें ४३ किलोंचीं वजनें लावलीं, म्हणजे ही तूट भरून निघते. याच कारणास्तव पाण्याच्या टाकीचा हिशेब विसरूं नये. दुकानांत रिकामी टाकी हलकी वाटते. तींत चारशें लिटर पाणी भरलें कीं चारशें किलो वाढतात. मोठी टाकी स्वतःच्या चाकांवर असलेलीच घ्यावी.

जोडणीच्या पिनांचेहि ठराविक वर्ग आहेत. खालच्या दांड्यांस शून्य वर्गांत १६, पहिल्यांत २२ व दुसऱ्यांत २८ मिलिमीटर जाडीची पिन येते. हे वर्ग ट्रॅक्टरच्या शक्तीप्रमाणें ठरविलेले आहेत. दुसऱ्या वर्गाचें जड अवजार पिन बदलून लहान ट्रॅक्टरला जोडून देणारे कारागीर पुष्कळ भेटतात; परंतु पिन बदलल्यानें ट्रॅक्टरचें बळ बदलत नाहीं.

आतांपर्यंत पैशांच्या नुकसानीचा विचार झाला. याहून मोठी हानि जिवाची. ट्रॉली सपाट रस्त्यावर ओढणें लहान ट्रॅक्टरला अवघड नाहीं. अवघड आहे तें उतारावर तिला थांबविणें. दीड टन ऊंस किंवा विटा भरलेली, ब्रेक नसलेली ट्रॉली ८०० किलोंच्या ट्रॅक्टरला घाटांत पुढें लोटते, आणि मग ट्रॅक्टर आडवा होऊन उलटतो. तसेंच, रुतलेली गाडी अगर झाडाचा बुंधा ओढतांना सांखळी खालच्या ओढदांड्यासच अडकवावी. ती आंसाहून उंच बांधली, तर ट्रॅक्टर मागें उलटण्यास सेकंद-दोन सेकंद पुरतात. फिरता दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा ओढणीचें टोंक त्यांत सांपडलें, तर हात मागें घेण्यास अवसर राहत नाहीं. त्यावरील प्लॅस्टिकचें आवरण अडचणीचें वाटून काढून टाकण्याची खोड सर्वत्र आहे. तें आवरण शाबूत असेपर्यंतच दांडा जोडावा, हा नियम घरांतील प्रत्येकानें पाळला पाहिजे.

उलट दिशेची चूकहि होते. सव्वातीन एकरांचा धनी शेजाऱ्याच्या बरोबरीनें पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतो, आणि त्यास तीन फुटी अवजार जोडून हप्ते भरीत बसतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें जसें खरें, तसेंच पाय पाहून अंथरूण शिवावें, हेंहि खरें. वर्षांतून दोन-चार दिवस लागणारें जड अवजार विकत घेण्याचें कारण नाहीं. २०१४-१५ पासून केंद्र सरकारच्या कृषियांत्रिकीकरणाच्या उपअभियानांत भाड्यानें अवजारें देणाऱ्या केंद्रांस साहाय्य मिळत आलें आहे. गांवांत असें केंद्र असल्यास त्याचा लाभ घ्यावा.

म्हणून ज्या घरीं ट्रॅक्टर घ्यावयाचा आहे, त्या घरानें क्रम उलटा धरावा. आधीं जमीन पाहावी. ती काळी आहे कीं तांबडी, सपाट आहे कीं चढाची. मग वर्षांतील कामें मोजावीं, व कोणतें काम सर्वांत अधिक दिवस चालतें तें ठरवावें. त्या कामाचें अवजार निवडावें. त्याची रुंदी, वजन व त्यास लागणारी दांड्यावरची शक्ति कागदावर लिहून काढावी. आणि शेवटीं, त्या अवजारास पुरून थोडें बळ शिल्लक राहील असा ट्रॅक्टर पाहावा. आज बहुतेक ठिकाणीं आधीं ट्रॅक्टर येतो, मग त्याच्यासाठीं अवजार शोधलें जातें, आणि जमिनीचा विचार सर्वांच्या शेवटीं होतो.

शहरांतील भावाच्या हातीं नांगराची मूठ नसते. पण पाटी-पेन्सिल असते, आणि हमीपत्रावर त्याची सही असते. कर्जाच्या कागदावर ती करण्यापूर्वीं त्यानें एक संध्याकाळ या हिशेबास द्यावी. गांवाकडील भावाच्या पाठीमागें जें यंत्र उभें राहणार, तें त्याचा भार हलका करणारें आहे कीं वाढविणारें, हें त्या संध्याकाळीं कळून येईल.